चार्जर लवकर थांबतो, तेव्हा आधी घड्याळ पाहावे

दिनांक २९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या वायव्य सीमेवरील मुंगेशपूर येथील स्वयंचलित हवामान केंद्राने ५२.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद केली आणि देशभर चर्चा सुरू झाली. भारतीय हवामान विभागाने त्या केंद्राच्या नोंदींची प्रमाणित उपकरणाशी तुलना केली. केंद्राचा संवेदक सुमारे तीन अंश अधिक तापमान दाखवीत असल्याचे त्यातून स्पष्ट झाले. आकडा अविश्वसनीय होता, म्हणून त्याची चौकशी झाली.

शेतातील उपकरणांच्या वाट्याला मात्र याहून अधिक वेळा येणारा दोष आकडा चुकण्याचा नसतो, तो आकडाच न येण्याचा असतो. पहाटे तीन वाजता हवामान केंद्र मुके होते, मृदा-ओलाव्याचा संवेदक दोन दिवस काही पाठवत नाही, पाठीवरचा फवारणी पंप चौथ्या टाकीला दम तोडतो. बॅटरी रात्रभर किंवा दिवसभर चार्जिंगला होती, चार्जरचा हिरवा दिवाही लागला होता. तरी बॅटरी अर्धीच भरलेली निघते. चुकीची नोंद डोळ्यांत भरते, न झालेली नोंद कोणाच्याच लक्षात येत नाही. त्यामुळे या दोषाची चौकशी होत नाही. बॅटरी बदलली जाते, मग चार्जर बदलला जातो आणि शेवटी उपकरण कोठाराच्या कोपऱ्यात जाते.

या दोषाकडे पाहण्याची दृष्टी बदलणे आवश्यक आहे. वेळेआधी थांबणारी चार्जर चिप बहुतेक प्रसंगी बिघडलेली नसते. तिला थांबण्याच्या ज्या अटी दिलेल्या असतात, त्यांपैकी एखादी पूर्ण झाली म्हणून ती थांबते. प्रश्न एवढाच असतो की कोणती अट पूर्ण झाली आणि ती अट त्या शेताला, त्या ऋतूला व त्या बॅटरीला साजेशी होती काय.

थांबण्याच्या अटी कोणत्या

लिथियम-आयन सेलचे चार्जिंग ठरावीक टप्प्यांनी होते. सेल फारच उतरलेला असेल तर आरंभी अगदी अल्प प्रवाह दिला जातो. त्यानंतर सेलचा विद्युतदाब ४.२ व्होल्टपर्यंत चढेपर्यंत स्थिर प्रवाह मिळतो. पुढे दाब ४.२ व्होल्टवर स्थिर ठेवला जातो आणि प्रवाह हळूहळू ओसरतो. हा प्रवाह ठरविलेल्या प्रवाहाच्या सुमारे एक-दशांशावर आला की चिप चार्जिंग पूर्ण झाल्याचे मानून थांबते. बाजारात सर्वत्र मिळणाऱ्या टीपी ४०५६ या स्वस्त चिपवर १.२ किलोओहमचा रोधक बसविलेला असल्यास प्रवाह सुमारे १,००० मिलिअँपिअर असतो. म्हणजे १०० मिलिअँपिअरवर ती थांबते.

दाब ४.२ व्होल्टला पोहोचला याचा अर्थ सेल भरला असा होत नाही. वेगाने चार्ज होणाऱ्या सेलमध्ये त्या क्षणी क्षमतेचा पाव भाग किंवा त्याहूनही अधिक भाग भरावयाचा शिल्लक असू शकतो. तो भाग ओसरत्या प्रवाहाच्या शेवटच्या टप्प्यात भरतो. वेळेआधी थांबण्याचे बरेचसे प्रकार या शेवटच्या टप्प्याला कात्री लागल्यामुळे घडतात.

प्रवाहाच्या अटीखेरीज अनेक चिपांत आणखी दोन अटी असतात. एक वेळेची: ठरावीक तासांत चार्जिंग संपले नाही तर सेल सदोष असावा असे समजून चिप थांबते. दुसरी तापमानाची: सेलला चिकटविलेला थर्मिस्टर साधारणपणे ० ते ४५ अंशांच्या बाहेरचे तापमान दाखवू लागला की चार्जिंग बंद होते. या दोन्ही अटी सुरक्षिततेसाठी आहेत. शून्याखाली चार्ज केल्यास सेलच्या आत धातुरूप लिथियमचा थर साचू शकतो, तर अति उष्णतेत सेल झपाट्याने जीर्ण होतो आणि प्रसंगी पेटही घेऊ शकतो.

दिल्लीचे दोन ऋतू, दोन निराळी कारणे

दिल्ली आणि तिच्या भोवतीचा राष्ट्रीय राजधानी प्रदेश या अटींची कठोर परीक्षा घेतो. मे महिन्यात नजफगढ, झज्जर, सोनिपत या पट्ट्यात हवेचे तापमान ४५ अंशांवर जाणे नवलाचे नाही. उपकरणाची पेटी उघड्या उन्हात असेल तर पेटीच्या आतील तापमान हवेपेक्षा कित्येक अंशांनी अधिक असते. परिणामी सौर पॅनेल सर्वाधिक वीज देत असते नेमक्या त्याच वेळी, सकाळी अकरा ते दुपारी चार या काळात, तापमानाची अट चार्जिंग रोखून धरते. सायंकाळी पेटी थंड होते तेव्हा ऊन कललेले असते. दिवस लख्ख उन्हाचा आणि बॅटरी मात्र अर्धी रिकामी, हे कोडे येथे सुटते.

डिसेंबर-जानेवारीतील गोष्ट अगदी उलट आहे. सफदरजंग वेधशाळेत १६ जानेवारी २०२३ रोजी किमान तापमान १.४ अंश नोंदले गेले होते. उघड्या शेतात जमिनीलगत ते आणखी खाली जाते. तरीही थंडीमुळे चार्जिंगचा फारसा काळ वाया जात नाही, कारण त्या पहाटेच्या वेळी पॅनेलवर ऊनही नसते. खरा अडथळा धुक्याचा आणि धुरक्याचा असतो. दिवस जेमतेम सव्वादहा तासांचा, त्यातील सकाळ धुक्यात जाते आणि पॅनेलचा प्रवाह ८० मिलिअँपिअरच्या आसपास रेंगाळतो. ज्या साध्या चिपेला १०० मिलिअँपिअरवर थांबण्याची अट दिलेली आहे, तिला प्रवाह का घटला हे कळण्याचा मार्ग नसतो. सेल भरल्यामुळे प्रवाह ओसरला की ऊनच मंदावले, हा भेद तिला करता येत नाही आणि ती हिरवा दिवा लावून मोकळी होते. अधिक चांगल्या चिपांत पॅनेलचा दाब ढासळू लागला की थांबण्याची अट तात्पुरती स्थगित करण्याची आणि वेळेची मोजणी मंद करण्याची सोय असते. किमतीतील फरक अल्प असतो, हंगामातील फरक मोठा.

एकच केंद्र मे महिन्यात उष्णतेने आणि जानेवारीत धुक्याने लवकर थांबते. दोन्ही वेळा दिवा हिरवा किंवा विझलेला, दोन्ही वेळा तक्रार तीच. मात्र पहिल्या दोषावर सावली आणि हवेशीर पेटी हा उपाय आहे, दुसऱ्यावर मोठे पॅनेल किंवा वेगळी चिप. कारण न शोधता केलेला कोणताही बदल निम्म्या वेळा वाया जाणार हे उघड आहे.

पहिले साधन: घड्याळ

या निदानासाठी विस्तार कार्यकर्त्याला इलेक्ट्रॉनिक्सची पदवी लागत नाही. चार्जिंग कधी सुरू झाले आणि कधी थांबले याची तीन-चार दिवसांची नोंद वहीत असली तरी निम्मे काम होते.

चार्जिंग दररोज ठरावीक तासांनंतरच थांबत असेल तर वेळेची अट कारणीभूत असण्याचा संभव मोठा असतो. हा प्रकार बॅटरी 'वाढवून' घेतल्यानंतर विशेष दिसतो. मूळ ४,००० मिलिअँपिअर-तासाच्या बॅटरीऐवजी कारागीर १०,०००ची बसवून देतो. शेतकरी समाधानी होतो. परंतु १,००० मिलिअँपिअरने ती भरण्यास दहा तासांहून अधिक वेळ लागतो आणि चिपेची मर्यादा पाच तासांची असल्यास ती निम्म्यावरच हात आखडते.

चार्जिंग भर दुपारी थांबून सायंकाळी पुन्हा सुरू होत असेल तर तापमानाकडे पाहावे. ढग किंवा धुके आले की थांबत असेल तर पॅनेलकडे पाहावे. काही मिनिटांतच थांबत असेल तर तीन शक्यता प्रथम तपासाव्यात. पहिली, बॅटरीचा प्रकार आणि चार्जर यांची जोडी चुकलेली आहे. लिथियम-लोह-फॉस्फेट सेलसाठी असलेला चार्जर सुमारे ३.६ व्होल्टवर थांबतो. त्यावर सामान्य लिथियम-आयन सेल लावल्यास तो बराचसा रिकामाच राहतो. याच्या उलट जोडी तर धोकादायक ठरते, कारण तीत फॉस्फेट सेलला गरजेपेक्षा अधिक दाब मिळतो. दुसरी शक्यता, तीन किंवा चार सेलांच्या संचातील एक सेल इतरांच्या पुढे गेलेला आहे. तो एकटा भरताच संरक्षक मंडल संपूर्ण संच तोडते आणि उरलेले सेल उपाशी राहतात. फवारणी पंपांच्या लिथियम संचात हा प्रकार नेहमीचा आहे. तिसरी शक्यता, बॅटरी जुनी झाली आहे. तिचा अंतर्गत रोध वाढलेला आणि क्षमता घटलेली असल्याने ती लवकर 'भरते' आणि तितक्याच लवकर रिती होते. येथे चार्जर निर्दोष असतो.

घड्याळानंतर मल्टिमीटर

घड्याळाने संशयित दाखविला की साध्या मल्टिमीटरने त्याची खातरजमा करता येते. मोजण्याचा क्रम महत्त्वाचा आहे.

आरंभी, चार्जिंग थांबल्यानंतर चार्जर व भार सोडवून अर्धा-एक तास जाऊ द्यावा आणि सेलच्या टोकांवर दाब मोजावा. एका लिथियम-आयन सेलवर ४.१५ ते ४.२ व्होल्ट मिळाले तर सेल खरोखर भरलेला आहे. मग तक्रार बॅटरीच्या क्षमतेविषयी आहे, चार्जरविषयी नाही. ३.९ व्होल्टच्या आसपास मिळाले तर चार्जिंग खरोखरच लवकर थांबले आहे. या एका मोजमापाने अनेक चार्जर विनाकारण बदलले जाण्यापासून वाचतील.

त्यानंतर चार्जिंग चालू असताना चार्जरच्या टोकांवर आणि सेलच्या टोकांवर असा दोनदा दाब मोजावा. बारीक वायर, गंजलेला जोड, सैल स्प्रिंग यांमुळे ०.२ ओहमचा रोध निर्माण झाला असेल तर १,००० मिलिअँपिअरला ०.२ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. चिपेला ४.२ व्होल्ट दिसतात तेव्हा सेलवर केवळ ४.० असतात. शेवटच्या टप्प्यात प्रवाह ओसरला की हा फरक कमी होतो हे खरे. परंतु तो टप्पा लांबतो आणि वेळेची मर्यादा किंवा मावळणारा सूर्य त्यास आडवा येतो. जोड घासून स्वच्छ करणे आणि जाड वायर घालणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तोच सर्वांत शेवटी सुचतो.

तिसरी मोजणी थर्मिस्टरची, जोड सोडवून करावयाची. सामान्यतः वापरला जाणारा थर्मिस्टर २५ अंशांना १० किलोओहम, ४५ अंशांना सुमारे ५ किलोओहम आणि शून्य अंशाला साधारण २७ ते ३० किलोओहम रोध दाखवितो. सकाळच्या आल्हाददायक हवेत तो ३ किलोओहम दाखवीत असेल तर चिपेला सेल तापल्याचा भास होत आहे. चौथी मोजणी पॅनेलच्या दाबाची, तीही चार्जिंग चालू असताना. मोकळ्या पॅनेलवर दिसणारा दाब येथे काहीच सांगत नाही. भार येताच तो किती ढासळतो, ते खरे.

फवारणी पंपासाठी आणखी एक शेतकरी-सुलभ माप आहे: एका चार्जमध्ये १६ लिटरच्या किती टाक्या होतात, याची पंप नवीन असतानाच नोंद करून ठेवावी. पुढील हंगामात तक्रार उद्भवली की तुलनेसाठी आधार हाताशी असतो.

जुगाडाचा मोह

लवकर थांबणाऱ्या चार्जरवर गावोगावी एक उपाय केला जातो. थर्मिस्टर काढून त्याजागी १० किलोओहमचा साधा रोधक लावला जातो. चिपेला सदासर्वकाळ २५ अंश तापमान दिसते आणि चार्जिंग अखंड चालते. तक्रार मिटते, कारागिराचा लौकिक वाढतो. स्वस्त चार्जर फळ्यांपैकी अनेकांत तर ही तापमानाची टाचणी मुळातच जमिनीला जोडून निकामी केलेली असते. या उपायाने मे महिन्याच्या उन्हात ५० अंशांच्या पेटीत लिथियम सेल चार्ज होऊ लागतो. सेल फुगतो, क्षमता घटते आणि ही पेटी कडब्याच्या गंजीशेजारी किंवा सोनिपतच्या बाजूला दिसणाऱ्या अळिंबीच्या गवती झोपडीत टांगलेली असल्यास आगीचा धोका गृहीत धरावाच लागतो. सुरक्षिततेची अट मोडून मिळविलेले चार्जिंग हे चार्जिंग नव्हेच, ती पुढे ढकललेली हानी आहे. कृषी विज्ञान केंद्रांनी आणि विस्तार यंत्रणेने या जुगाडाविरुद्ध स्पष्ट शब्दांत सल्ला देणे अगत्याचे आहे.

जबाबदारी कोणाची

येथे एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे. शेतकऱ्याने पीक पाहावे की चिपेच्या अटी? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर शेतकऱ्याकडे बोट दाखवून देता येणार नाही. अटी उपकरण बनविणारा ठरवितो. त्या उघड करणे हे त्याचे कर्तव्य आहे. आज अनुदानावर दिल्या जाणाऱ्या किंवा प्रकल्पातून वाटल्या जाणाऱ्या उपकरणासोबतच्या पत्रकात बॅटरीचे व्होल्ट आणि क्षमता दिलेली असते. परंतु सेलचा प्रकार, चार्जिंगचा अंतिम दाब, ठरविलेला प्रवाह, थांबण्याचा प्रवाह, वेळेची मर्यादा आणि तापमानाची मर्यादा ही सहा माहिती सहसा आढळत नाहीत. ही सहा ओळींची माहिती मराठीत छापून पेटीच्या आतील बाजूस चिकटविण्याची अट खरेदीच्या निविदेतच असावी. तिला येणारा खर्च नगण्य आहे.

या मागणीला धोरणाचा आधारही आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरविण्यासाठी समिती नेमली, तेव्हा ज्या क्षेत्रांचा विचार करण्याचे ठरले त्यांत शेती उपकरणांचाही समावेश होता. त्याच वर्षी बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमही लागू झाले आणि वापरलेल्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकांवर आली. दुरुस्तीसाठी लागणारी माहितीच हाती नसेल तर दुरुस्तीचा हक्क कागदावर राहतो आणि चांगल्या बॅटऱ्या कचऱ्यात जमा होतात.

दुसरी मागणी चाचणीविषयी आहे. प्रयोगशाळेतील २५ अंशांवर उत्तीर्ण झालेल्या उपकरणाला शेतीसाठी योग्य म्हणणे घाईचे आहे. एकाच वर्षात ४५ अंशांचा मे आणि धुक्याचा जानेवारी दाखविणारी दिल्ली यासाठी उत्तम कसोटी आहे. या दोन्ही महिन्यांत उघड्या शेतात उपकरणाने दिवसभरात बॅटरी किती भरली याची नोंद खरेदीपूर्वी मागितली जावी. तिच्यात उत्तीर्ण झालेले उपकरण चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या उन्हाळ्यात आणि निफाडच्या थंडीत अधिक भरवशाचे ठरेल. उजवा येथील दिल्लीचे कृषी विज्ञान केंद्र राष्ट्रीय बागवानी संशोधन आणि विकास प्रतिष्ठानाकडून चालविले जाते, ज्याची नाशिकच्या कांदा उत्पादकांना जुनी ओळख आहे. अशा संस्थात्मक दुव्यांतून उत्तरेतील ऋतूंचा अनुभव महाराष्ट्रापर्यंत पोहोचविणे अवघड नाही.

तिसरी मागणी विस्तार यंत्रणेकडूनच आहे. देशातील सातशेहून अधिक कृषी विज्ञान केंद्रांत माती परीक्षणाची सोय असणे आता स्वाभाविक मानले जाते. त्याच धर्तीवर एक टेबल, एक मल्टिमीटर, एक भार-चाचणी यंत्र आणि प्रशिक्षित हात यांची सोय का असू नये? आठवड्यातील एक दिवस पंप व संवेदक तपासणीसाठी ठेवला तरी ग्रामीण युवकांना कौशल्य मिळेल आणि शेतकऱ्याला खरे निदान.

जेथे बॅटरी टाळता येते

या चर्चेतून आणखी एक विचार पुढे येतो. सर्वत्र बॅटरी आवश्यकच असते असे नाही. भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने पूसा येथे विकसित केलेला 'पूसा फार्म सनफ्रिज' सौर ऊर्जेवर चालणारा शीतकक्ष बॅटरीविना काम करतो. दिवसा तयार केलेला थंडावा पाण्यात साठवून तो रात्री वापरला जातो. सौर कृषिपंपांतही वीज साठविण्याऐवजी पाणी टाकीत किंवा शेततळ्यात साठविणे अधिक शहाणपणाचे ठरते. साठवण जितकी साधी तितके थांबण्याचे प्रसंग कमी. नवी योजना आखताना हा प्रश्न प्रथम विचारला जावा. मात्र हवामान केंद्र, संवेदक आणि पाठीवरचा पंप यांना बॅटरीवाचून गत्यंतर नाही आणि म्हणूनच तेथे चार्जिंगकडे दुर्लक्ष परवडणारे नाही.

महाराष्ट्रात याचे मोल थेट रुपयांत मोजावे लागते. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत ठरावीक काळातील तापमान किंवा पावसाच्या नोंदीवर भरपाई अवलंबून असते आणि काही निकष सलग काही दिवसांचे असतात. किमान तापमान सूर्योदयाच्या सुमारास नोंदले जाते. सौर ऊर्जेवरील केंद्राची बॅटरीही त्याच वेळी सर्वाधिक उतरलेली असते. आदल्या दिवशी चार्जिंग दोन तास आधी थांबले असेल तर नेमकी तीच नोंद हातची जाण्याचा धोका असतो. केळी किंवा द्राक्ष बागायतदारासाठी त्या एका पहाटेचा आकडा म्हणजे वर्षभराच्या कष्टाचा पुरावा असतो.

मुंगेशपूरच्या आकड्याची शहानिशा झाली, कारण त्याची प्रमाणित उपकरणाशी तुलना करणारे कोणी होते. शेतातील मुक्या झालेल्या पेटीलाही तोच न्याय मिळावयास हवा. त्यासाठी नव्या बॅटरीची पावती फाडण्यापूर्वी वहीत दोन वेळा लिहिल्या जाव्यात: चार्जिंग सुरू झाल्याची आणि थांबल्याची.